डक्टची सफाई: ९९ डॉलरचं कूपन, पूर्ण सफाई, की नुसता फिल्टर आणि कॉइल?

अमेरिकेत सेंट्रल एअरचं घर घेतलं की थोड्याच दिवसांत टपालात कूपन येतं: ‘अख्ख्या घराचे डक्ट (गार-गरम हवा खोल्यांत नेणाऱ्या वाहिन्या) साफ, फक्त ९९ डॉलरमध्ये.’ रीतसर काम करणारी कंपनी त्याच घराचे सातशे-आठशे सांगते, वर सॅनिटायझिंगचे (जंतुनाशक फवारण्याचे) वेगळे. हा फरक नफ्याचा कमी आणि कामाचा जास्त आहे.

कूपनवाला साधा शॉप-व्हॅक घेऊन येतो, रजिस्टरची (खोलीत डक्ट उघडतो त्या तोंडाची) जाळी काढून पाइप हातभर आत फिरवतो आणि तासाभरात निघतो. मेन ट्रंक (मुख्य जाड डक्ट), रिटर्नची (खोलीतली हवा परत यंत्राकडे नेणारी) बाजू, ब्लोअर (हवा ढकलणारा पंखा) यांना हातही लागत नाही. सुटी झालेली धूळ पुढच्या वेळी ब्लोअर सुरू झाला की खोलीत येते. पुष्कळदा ९९ डॉलर ठरावीक व्हेंटपुरतेच असतात, रिटर्न ‘एक्स्ट्रा’. मग तो एखादा काळा डाग दाखवून ‘बुरशी आहे’ म्हणतो आणि बिल पाच-सहा पट होतं. प्रयोगशाळेत नमुना तपासल्याशिवाय तो डाग बुरशीचाच आहे असं कुणीही ठामपणे सांगू शकत नाही.

पूर्ण सफाईला दोन माणसं आणि साधारण तीन ते पाच तास लागतात. ईपीएच्या (अमेरिकी सरकारच्या पर्यावरण संस्थेच्या) अंदाजाने खर्च एका सिस्टिमला ४५० ते १००० डॉलर; वरच्या मजल्याचं युनिट वेगळं असेल तर दोन सिस्टिम धरा. प्लेनमजवळ (यंत्राला लागून असलेल्या हवेच्या पेटीजवळ) ट्रंकला आठ-दहा इंची भोक पाडून तिथे मोठं व्हॅक्यूम जोडतात आणि सगळी रजिस्टरं बंद करतात, म्हणजे डक्टमधली हवा सतत व्हॅक्यूमकडेच ओढली जाते. मग एकेक रजिस्टर उघडून आत फिरता ब्रश किंवा कॉम्प्रेसरच्या हवेचा चाबूक सोडतात आणि कचरा ट्रंककडे ढकलतात. सप्लाय (खोल्यांत हवा सोडणारे डक्ट) आणि रिटर्न वेगवेगळे साफ केले जातात. शेवटी ब्लोअरची पाती, कॉइल (हवा गार करणारं नळ्यांचं जाळं), ड्रेन पॅन (कॉइलवरून गळणारं पाणी धरणारं ताट). कोटेशनमध्ये ही शेवटची तीन नावं नसतील तर काम अर्धंच आहे. पाडलेलं भोक पत्रा, स्क्रू आणि मॅस्टिक (फटी बुजवणारा लेप) किंवा फॉइल टेपने बुजवायला हवं. राखाडी कापडी ‘डक्ट टेप’ नावालाच डक्टचा. उष्णतेने त्याचा गोंद वाळतो आणि हवा गळू लागते.

डक्ट कसले आहेत तेही आधी बघा. पत्र्याला ब्रश चालतो. ॲटिकमधल्या फ्लेक्स (लवचीक) डक्टचं आतलं पातळ प्लॅस्टिक कडक ब्रशने फाटतं, तिथे हवाच बरी. फायबरग्लासचं अस्तर ओलं होऊन बुरशी धरली असेल तर ते साफ होत नाही, बदलावंच लागतं.

सॅनिटायझिंगवर पैसे घालवण्याआधी तर दहादा विचार करा. फायबरग्लासच्या डक्टसाठी ईपीएने एकही जंतुनाशक नोंदवलेलं नाही. पत्र्यावरही धूळ काढण्याआधी फवारा मारला तर औषध धुळीवरच बसतं. शिवाय बुरशीचं मूळ ओलाव्यात असतं: तुंबलेली ड्रेन लाइन, घाम धरणारा डक्ट. ते तसंच राहिलं तर बुरशी पुन्हा येते. ओझोन सोडणारं यंत्र माणसं राहत्या घरात नकोच.

आपल्या घरांत तिसरा पर्याय, नुसता फिल्टर आणि कॉइल, बहुधा सगळ्यात कामाचा ठरतो. रोजची फोडणी, आणि रेंज हूड धूर बाहेर न सोडता कोळशाच्या फिल्टरमधून परत स्वयंपाकघरातच सोडणारं. तेलाचा तो बारीक थर रिटर्नमधून फिल्टर, ब्लोअर, कॉइलवर बसतो आणि त्यावर धूळ चिकटते. हवेचा जोर कमी होतो, उन्हाळ्यात कॉइलवर बर्फ धरतो. इथे नुसते डक्ट झाडून काही होत नाही. कॉइल आणि ब्लोअर धुवून घ्या, हूडची नळी घराबाहेर नेऊन सोडा. एक इंची फिल्टर एक ते तीन महिन्यांत बदला. मर्व्ह (फिल्टर किती बारीक धूळ अडवतो त्याचा आकडा) १३ चांगला, पण जुन्या ब्लोअरला एक इंची जाडीत तो जड जातो. चार इंची खोबण करून घेता आली तर उत्तम, नाहीतर मर्व्ह ८ वर भागवा.

पूर्ण सफाईचे पैसे मोजावेत ते उंदीर-किड्यांचा वावर, डोळ्यांना दिसणारी बुरशी, रिमॉडेलिंगनंतरची ड्रायवॉलची भुकटी किंवा रजिस्टरमधून उडणारी धूळ असेल तर. फक्त ॲलर्जी कमी व्हावी म्हणून करत असाल, तर डक्ट साफ केल्याने आजार टळतात असं सिद्ध झालेलं नाही, हे ईपीए स्वतःच सांगते. आणि घर १९८० च्या आधीचं असून डक्टच्या जोडांवर पांढरी कागदी पट्टी दिसली, तर ती ॲस्बेस्टॉसची असू शकते. तपासणी होईपर्यंत तिथे कुणालाही ब्रश लावू देऊ नका.