एमजीबी जीटीला एसी: अख्खा उन्हाळा वापरून झाल्यावर

निकाल आधीच सांगतो. एसी उत्तम चालतो आणि मी तो काढणार नाही. पण गाडीत आज जो गारवा आहे, त्यातलं निम्मं श्रेय एसीच्या तयार किटचं आणि निम्मं किटच्या आजूबाजूला केलेल्या कामाचं. या दुसऱ्या निम्म्याबद्दल किटसोबतच्या कागदांत जवळपास काहीच नसतं, म्हणून इतकं सविस्तर लिहितोय.

गाडी 1972 ची एमजीबी जीटी, म्हणजे पक्क्या छताची ब्रिटिश स्पोर्ट्स कार. 1798 सीसीचं बी-सिरीज इंजिन, पेट्रोल आणि हवा मिसळून देणारे दोन एसयू कार्ब्युरेटर, ताकद शंभर अश्वशक्तीच्या आत. किट बेल्टवर चालणारं आहे: सँडेनचा पाच सिलिंडरचा एसडी 508 कॉम्प्रेसर, पॅरलल फ्लो कंडेन्सर, डॅशबोर्डखाली कूलिंग कॉइल आणि हवा फेकणारा ब्लोअर, गॅसमधला ओलावा टिपणारा ड्रायर, आर-134ए गॅस. पूर्वी अशा गाड्यांना यॉर्कचे दोन सिलिंडरचे कॉम्प्रेसर लावत. ते जड असतात आणि आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, जाणवण्याइतके थरथरतात. सँडेन त्या मानाने लहान आणि शांत. बॅटरीवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरचाही विचार केला होता. पण त्याला किलोवॉटभर वीज धरली तरी 12 व्होल्टला 80 अँपिअरच्या वर जाते. या गाडीत ती आणायची कुठून? तो विषय तिथेच संपला.

बेल्टच्या एसीलाही विजेचा हिशेब सुटत नाही. ब्लोअर 10 ते 12 अँपिअर घेतो, कंडेन्सरचा पंखा 8 ते 10, कॉम्प्रेसरचा क्लच (कॉम्प्रेसर बेल्टला जोडणारा-सोडणारा भाग) साधारण 4. त्यात हेडलाइटचे 10 आणि इग्निशनचे 4 मिळवा. इंजिनावर फिरून वीज बनवणारा मूळ लुकास अल्टरनेटर 35 अँपिअरच्या आसपासचा, आणि तोही इंजिन फिरत असताना. सिग्नलला उभं राहिल्यावर त्याहून बराच कमी देतो. म्हणून आधी 65 अँपिअरचा अल्टरनेटर बसवला आणि मग एसीला हात लावला. मूळ फ्यूज बॉक्समध्ये मोजून चार फ्यूज आहेत, त्यांच्यावर एसीचा भार टाकलेला नाही. बॅटरीवरून स्वतंत्र जाड वायर, स्वतंत्र रिले, स्वतंत्र फ्यूज. इतक्या महिन्यांत विजेची एकही तक्रार आलेली नाही.

खरी कसोटी गाडीच्या नाकाशी आहे. एसी थंडी निर्माण करत नाही. केबिनमधली उष्णता उचलून कंडेन्सरमधून बाहेर टाकतो. कंडेन्सर असतो रेडिएटरच्या पुढे, म्हणजे रेडिएटरला मिळणारी हवा आधीच तापलेली. माझ्या गाडीत ऑइल कूलरही तिथेच होता, तो सरकवून खाली घ्यावा लागला. इंजिनावर फिरणारा मूळ पंखा काढून त्या जागी थर्मोस्टॅटवरचा विजेचा पंखा लावला, कंडेन्सरला वेगळा दिला, आणि रेडिएटरची जाळी जास्त ओळींची करून घेतली. शेवटचं काम सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचं: रेडिएटर आणि बॉडीच्या मधल्या सगळ्या फटी फोम आणि पत्र्याने बुजवल्या. फट राहिली की पंख्याने ओढलेली गरम हवा बाजूने वळसा घालून पुन्हा कंडेन्सरसमोर येते. फटी बुजवल्यावर रहदारीतला तापमानाचा काटा लक्षात येण्याइतका खाली राहू लागला.

केबिनच्या आतलं काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळू नका. इंजिनाची आणि गिअरबॉक्सची उष्णता फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत) आणि गिअरबॉक्सवरच्या मधल्या बोगद्यातून थेट पायांवर येते. सगळं कार्पेट काढून ब्युटाइल रबराच्या चादरी, त्यावर बंद छिद्रांचा फोम, फायरवॉलला चकाकती फॉइल असे थर दिले. वायरी आणि केबल जिथून आत येतात त्या भोकांना नवे रबरी ग्रोमेट घातले. आणि हीटरचा व्हॉल्व! तो जुना असेल तर बंद करूनही थोडं गरम पाणी हीटरच्या कॉइलमध्ये फिरत राहतं. एका बाजूने एसी, दुसऱ्या बाजूने हीटर, अशी ओढाताण चालू राहते. पाण्याच्या पाइपवर पक्का बंद होणारा कॉक टाकला तेव्हा एसीच्या झरोक्यातून येणाऱ्या हवेत फरक पडला. बाकी काही जमलं नाही तरी एवढं नक्की करा.

आता प्रत्यक्ष वापर. मोकळ्या रस्त्यावर, बाहेर 38 अंशांच्या आसपास असताना मधल्या झरोक्यात ठेवलेला थर्मामीटर 7-8 अंश दाखवतो. अडकत-अडकत चालणाऱ्या रहदारीत तोच 14-15 वर जातो. ते गार म्हणता येणार नाही, पण शर्ट पाठीला चिकटत नाही. नव्या गाडीसारखं दोन मिनिटांत गार होण्याची अपेक्षा ठेवू नका. उन्हात उभी असलेली गाडी आधी काचा उघडून थोडं अंतर चालवायची, मग एसी लावायचा.

कॉम्प्रेसरचा क्लच लागला की इंजिनावर ओझं पडतं आणि आयडलिंग मिनिटाला 150-200 फेऱ्यांनी घसरतं. या गाडीत ते सांभाळायला संगणक नाही, म्हणून विजेवर चालणारा छोटा सोलेनॉइड थ्रॉटल किंचित उघडून धरतो. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की कॉम्प्रेसर बंद करणारा स्विचही लावला आहे; ओव्हरटेक करताना तो असायलाच हवा. वजन 25 ते 30 किलोंनी वाढलं, तेही पुढच्या चाकांवर. चालताना स्टीअरिंगमध्ये फरक वाटत नाही, पार्किंग करताना मात्र हाताला कळतो.

एक त्रास अजून पूर्ण गेलेला नाही. या इंजिनात कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातून गरम धूर बाहेर नेणारा भाग) एकाच बाजूला, एकावर एक. एसीमुळे बॉनेटखाली उष्णता आणखी साठते, आणि गाडी बंद करून दहा-पंधरा मिनिटांनी चावी फिरवली की फ्लोट बोलमधलं, म्हणजे कार्ब्युरेटरच्या वाटीतलं, पेट्रोल उकळून गेलेलं असतं. कार्ब्युरेटरखाली उष्णतारोधक पत्रा आणि मॅनिफोल्डवर सिरॅमिक लेप दिल्यावर सुधारणा झाली. शिवाय मुक्काम जवळ आला की एसी बंद करून, ब्लोअर चालू ठेवून, शेवटचे काही किलोमीटर तशीच चालवतो. त्याने बॉनेटखालची उष्णता निघून जाते आणि कूलिंग कॉइलही सुकते, म्हणजे कुबट वास येत नाही.

दमट दिवसांत कॉइलमधून पाणी भरपूर निघतं. त्याची नळी सरळ उताराने, गाडीच्या बाहेर, एक्झॉस्टपासून लांब गेलीच पाहिजे. पाणी कार्पेटखाली मुरलं तर फ्लोअरचा पत्रा गुपचूप गंजतो, आणि या गाडीला वेगळी चासी नाही. फ्लोअर आणि सिल (दारांखालचे पत्र्याचे पोकळ भाग) हाच तिचा सांगाडा.

मधे गारवा हळूहळू कमी झाला. गॅसमध्ये रंग घालून अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली पाहिलं तर कॉम्प्रेसरच्या एका जोडावरची ओ-रिंग पाझरत होती. इंजिन रबरी माउंटवर डुलतं, त्यामुळे गॅसच्या होजला सैलपणा हवा. ताठ बसवलेल्या होजचा ताण जोडावर येतो. होज लांब घेतली, ओ-रिंग आणि ड्रायर बदलला, नीट व्हॅक्यूम करून पुन्हा गॅस भरला. तेव्हापासून दाब जागचा हललेला नाही. थंडीत गाडी उभी असली तरी दर पंधरवड्याला काही मिनिटं एसी चालवतो, कारण तेल फिरलं नाही तर कॉम्प्रेसरच्या दांड्याचं सील कोरडं पडतं आणि गॅस तिथून निसटतो.

डॅशबोर्डला एकही नवं भोक पाडलेलं नाही. सगळे ब्रॅकेट जुन्याच बोल्टांवर आहेत आणि काढलेले मूळ भाग जपून ठेवले आहेत. जुन्या गाडीत हे मी अटीसारखं मानतो.

छत उघडणाऱ्या एमजीबीत हा खटाटोप करावा असं मला वाटत नाही. कापडी छतातून उष्णता सहज आत येते आणि गारवा तितक्याच सहज जातो. जीटीला पक्कं छत आहे, तिथे हे सगळं कामी येतं. तिच्या तिरक्या मोठ्या मागच्या काचेतून मात्र दुपारचं ऊन थेट आत उतरतं. त्यावर उष्णता अडवणारी पारदर्शक फिल्म लावायची आहे, डीफ्रॉस्टरच्या तारांना धक्का न लावता. पुढच्या उन्हाळ्याआधी ते होईल.