टायटल सर्चची ऑनलाइन सेवा : सहा महिने वापरल्यावर

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा का कापला ते लगेच सांगते, उरलेल्या एकासाठी मात्र जरा जागा लागेल.

मी २२ वर्षं मालमत्तेचे टायटल सर्च करते आहे, म्हणजे मालकी कुणाकडून कुणाकडे आली आणि मिळकतीवर कर्ज किंवा दावा आहे का, याचा शोध. त्यातली बरीचशी वर्षं नोंदणी कार्यालयातली बाडं चाळण्यात गेली. विकणाऱ्यांची एक सूची, घेणाऱ्यांची दुसरी. आजचा मालक घेणाऱ्यांत शोधायचा, त्याला कुणी विकलं ते बघायचं, मग तो विकणारा आधीच्या वर्षांत घेणारा म्हणून कुठे सापडतो ते पाहायचं. असं उलटं चालत तीस वर्षं मागे जायला दोन-तीन दिवस लागत आणि नाकाला रुमाल बांधावा लागे तो वेगळाच.

ही सेवा तेच काम पंधरा मिनिटांत करते. (नाव देत नाही.) मिळकतीचा क्रमांक टाकला की खरेदीखतं, गहाणखतं, बक्षीसपत्रं, हक्कसोडपत्रं तारखेनुसार एकाखाली एक येतात आणि प्रत तिथेच उघडते. नावाऐवजी मिळकतीवरून शोधता येणं हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. अमेरिकेतल्या टायटल विमा कंपन्या (मालकीहक्कात दोष निघाला तर भरपाई देणाऱ्या) सरकारी नोंदींच्या प्रती घेऊन, मिळकतवार लावून, स्वतःची खासगी दप्तरं कित्येक दशकं सांभाळत आल्या आहेत ते उगाच नाही.

अर्धा तारा गेला स्कॅनवर. जाड बाड यंत्राखाली उघडं धरलं की शिवणीकडचा समास आत दबतो, आणि जुने कारकून नेमकं तिथेच लिहायचे: गहाण फिटलं, दस्त क्रमांक अमुक. एका फाइलीत फिटलेलं कर्ज मला आठवडाभर थकलेलं दिसत होतं. शेवटी जाऊन मूळ बाड उघडलं. समासात बारीक अक्षरात नोंद होती.

आता तो एक तारा. मिळकतीवर काही सापडलं नाही की अहवालात हिरवी खूण येते आणि शेजारी लिहिलेलं असतं, ‘बोजा नाही’, म्हणजे मिळकतीवर कर्ज, गहाण किंवा जप्ती नाही. माझ्याकडे नव्याने आलेल्या मुलीने तशी खूण पाहून फाइल पूर्ण झाल्याचं सांगितलं. मी सवयीने मालकाचं नाव टाकून बघितलं, तरी काही नाही. मग ‘कुलकर्णी’चं ‘कुळकर्णी’ केलं. जप्तीचा आदेश समोर! असे आदेश माणसाविरुद्ध निघतात, नोंदही माणसाच्या नावाने होते. मिळकतीचा क्रमांक त्यावर असेलच असं नाही. आणि ज्याने कधीकाळी सूची टंकली त्याने एका अक्षराची गफलत केली, तर यंत्र ती इमानेइतबारे जपून ठेवतं. बाडात बोट फिरवताना खालच्या ओळीतला कुळकर्णी आपोआप नजरेला पडायचा.

अहवालाच्या शेवटच्या पानावर बारीक टाइपात आणखी एक गोष्ट असते: नोंदी कोणत्या वर्षापासून कोणत्या तारखेपर्यंतच्या आहेत. त्याआधीचं गहाण यंत्राला माहीतच नाही. परवा नोंदवलेलंही नाही. इंग्लंड-वेल्सच्या लँड रजिस्ट्रीने ही मधली फट नियमानेच बुजवली आहे. खरेदीदाराने अधिकृत शोध मागितला की त्याला कामकाजाच्या ३० दिवसांची अग्रक्रमाची मुदत मिळते. तेवढ्यात त्याने आपला अर्ज दाखल केला, तर मध्ये घुसलेली नोंद त्याच्या आड येत नाही. आमच्या सेवेत तसं काही नाही, कारण ती निबंधक नव्हे, नुसती खिडकी आहे.

लोक इथेच फसतात. १८५८ साली दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स यांनी जी पद्धत आणली तिच्यात नोंद हीच मालकी. मागची साखळी सहसा कुणी उकरत बसत नाही. जिथे फक्त दस्त नोंदवले जातात तिथे नोंदवही म्हणजे कागदांचं कपाट. कपाट संगणकावर नेलं, सगळी कपाटं एकत्र जोडली, तरी आतल्या कागदांची शहानिशा कुणी केलेली नसते.

शिवाय केंद्रीकरण म्हणजे उघडं दप्तर असंही नाही. अमेरिकेतल्या गृहकर्जवाल्यांनी १९९५ मध्ये ‘मर्स’ नावाची मध्यवर्ती इलेक्ट्रॉनिक नोंदवही काढली. कर्ज या हातातून त्या हातात विकलं जाई, पण काउंटीच्या (तिथल्या जिल्ह्याच्या) दप्तरात गहाणदार म्हणून मर्सचंच नाव राही. २००८च्या संकटानंतर घरांवर जप्त्या आल्या तेव्हा जप्ती आणायचा हक्क नेमका कुणाचा, यावर कोर्टांत वाद झडले.

दस्ताचा आपोआप सारांश काढून देण्याची नवी सोय आहे. टंकलेल्या मजकुरावर बरी चालते. चौदा पानी बक्षीसपत्राचा सारांश ‘संपूर्ण मालकी मुलाकडे’ असा आला. नवव्या पानावर आईने हयातभर राहण्याचा हक्क राखून ठेवला होता. ती सोय मी बंद करून ठेवली आहे.

सेवावाल्यांना दोनदा लिहिलं की हिरवी खूण काढा आणि त्या जागी छापा, ‘या नावाने, या तारखेपासून या तारखेपर्यंत शोधलं, सापडलं नाही’. सूचना संबंधित विभागाकडे पाठवल्याचं उत्तर दोन्ही वेळा आलं, शब्दन् शब्द तेच. वर्गणी पुढच्या महिन्यात संपते. पुन्हा भरणार आहे, दस्तांच्या प्रती जागच्या जागी मिळतात तेवढ्यासाठी. त्या मुलीला मात्र मी प्रत्येक आडनाव चार तऱ्हांनी लिहून शोधायला लावते. तिला ते अजून पटलेलं नाही.