अंधारातलं चमकणारं नाटक: मुलांना न्या, फक्त पांढरे शर्ट झाका

आधी निकाल सांगून टाकते, नेण्यासारखं आहे. गोष्ट यथातथाच, हरवलेलं पिल्लू आईला शोधत निघतं आणि वाटेत एकेक प्राणी भेटतो, शेवट काय होणार ते आमच्या चौथीच्या पोरांनी केव्हाच ओळखलं होतं. पण गोष्टीसाठी कोण जातंय, बघायचं असतं ते दिसणं. पूर्ण काळोख, त्यात हवेतून मासे पोहत येतात, एक बगळा मान वळवून आपल्याकडे बघतो आणि अचानक त्याची मान धडापासून सुटून एकटीच वर निघून जाते. त्या क्षणी हॉलमध्ये जो काही चित्कार उठला ना, बसमधली सगळी आरडाओरड वसूल झाली.

करामत तशी साधी आहे. स्टेजवर ब्लॅकलाइट असतात, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट दिवे, त्यांचा प्रकाश आपल्या डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही पण फ्लुरोसंट रंगावर पडला की रंग पेटल्यासारखा दिसतो. कलाकार नखशिखांत काळ्या मखमलीत, मागचा पडदाही काळा, त्यामुळे माणूस समोर उभा असून गायब. प्रागमध्ये यिर्झी स्र्नेत्स यांनी १९६१ साली याच तंत्रावर ब्लॅक थिएटर सुरू केलं होतं, म्हणजे प्रकार काही आजचा नाही. या प्रयोगात काही प्राणी रंगाचे नव्हते, चमकणाऱ्या वायरचे होते, आत तांब्याची तार, वर फॉस्फरचा, म्हणजे वीज मिळाली की चमकणाऱ्या पदार्थाचा थर आणि बॅटरी कलाकाराच्या अंगावरच बांधलेली. मला स्वतःला रंगवालेच जास्त आवडले, वायरवाले प्राणी नुसते रेषांचे वाटतात.

आता युनिफॉर्मचं. कपड्यांच्या पावडरीत पांढरेपणासाठी जे ब्राइटनर घालतात ते ब्लॅकलाइटखाली चमकतात, आणि आमची मुलं पांढऱ्या शर्टात! पुढच्या दोन रांगा ट्यूबलाइटसारख्या उजळल्या, मग काय, स्टेज राहिलं बाजूला आणि एकमेकांचे शर्ट, मोजे, दात बघण्यात सुरुवातीचा प्रवेश गेला. दात दाखवायची तर स्पर्धाच लागली. आयोजकांनी शाळेला एवढी लांबलचक सूचनांची यादी पाठवली होती, त्यात गडद स्वेटर घालून या एवढं एक वाक्य टाकायला काय झालं होतं? लाइट लागणारे बूटही त्या दिवशी घरीच ठेवायला सांगा.

पुढची रांग मिळाली म्हणून खूश होऊ नका. तिथून कलाकारांच्या काळ्या आकृत्या हलताना कळतात आणि मजा अर्धी होते. आमच्या एका पोराला मखमलीच्या हातमोज्यावर अडकलेला पांढरा दोरा दिसला, बारीकसाच, पण तोही चमकत होता, तर हा पुढे बगळा सोडून त्या दोऱ्याचाच पाठलाग करत बसला. बुकिंगला मधल्या रांगाच मागा, त्याही मध्यभागी, कडेने बसलं की विंगेतली धावपळ दिसते.

खरी चीड आली ती उशिरा येणाऱ्यांची. डोळे अंधाराला नीट सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि इथे प्रयोग रंगात आल्यावर स्टाफ पांढरा भगभगीत टॉर्च मारत लोकांना सीट दाखवतोय, टॉर्च थेट मुलांच्या तोंडावर. नंतर बोलले मी त्यांच्याशी, हो हो म्हणाले.

अंधाराला घाबरणारी मुलं कडेच्या खुर्चीवर शिक्षकांशेजारी बसवा म्हणजे बाहेर न्यायला सोपं पडतं. कोणाला फिट येत असेल तर लुकलुकणारे झगमगाटी दिवे आहेत का ते आधी विचाराच, आमच्या प्रयोगात वादळाच्या सीनला होते.

आणि प्रयोगानंतरचा डेमो अजिबात चुकवू नका. लाइट लावून त्यांनी बगळा दाखवला, चक्क तीन माणसं, एक मान, एक पंख, एक पाय. "बाई, म्हणजे मान तुटलीच नव्हती?" असं एकीने जरा नाराजीनेच विचारलं. मग कलाकार ताईंनी पुन्हा अंधार करून तिच्या हातात ती मान दिली आणि तिलाच उडवायला लावली, त्यावर बाकीच्यांनी जी रांग लावली ती आवरेपर्यंत बसवाल्याचे फोन सुरू झाले. डेमो प्रत्येक प्रयोगाला नसतो म्हणे, तेव्हा बुकिंग करतानाच विचारून घ्या आणि बसची वेळ थोडी सैल ठेवा.