दराऱ्याची लॅब की मोकळी लॅब?

फोंड्याच्या भाचीला जेआरएफ, म्हणजे पीएचडीसाठीची शिष्यवृत्ती, मिळाली. "मावशी, गाइड कोण घेऊ?" एका लॅबमध्ये सर बोलतात, बाकीचे माना डोलावतात. दुसरीकडे मॅडम शांत, मीटिंगमध्ये सगळे तोंड उघडतात.

पैसा दोन्हीकडे तोच, महिना ३७,००० रुपये.

वेळेत सर पुढे. विषय आयता मिळतो. मॅडमकडे विषय ठरण्यातच वर्ष जाऊ शकतं, आणि पीएचडीला यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मुदत साधारण ६ वर्षांची.

खरा फरक कळतो आकडा चुकल्यावर. मी दराऱ्याच्या लॅबमधली. भर पावसात मांडवी नदी जवळजवळ गोडी होते, तरी आमच्या नमुन्यांची क्षारता समुद्राइतकी आली. मीटर कॅलिब्रेट केला नव्हता, म्हणजे प्रमाणाशी जुळवून घेतला नव्हता, हे ज्युनियरला ठाऊक होतं. तीन आठवडे तो गप्प! सरांपेक्षा त्यांच्या लाडक्या सीनियरची भीती जास्त. यंत्राच्या नोंदवहीत पानोपानी त्या सीनियरचंच नाव.

मोकळ्या लॅबमध्येही कुणीतरी बोलघेवडा मीटिंग खातोच, पण त्याला अडवता येतं.

पदवी लवकर हवी आणि बोलणी पचत असतील, तर सर. स्वतःचा प्रश्न घेऊन जाणार असशील, तर मॅडम. आधी दोन्हीकडच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना कॅन्टीनमध्ये भाजी-पाव खाताना गाठ. लॅबमध्ये विचारू नकोस.