आजीच्या हंड्याची मोड देऊन नवा हंडा घेतला

आजीचा तांब्याचा हंडा बुडाला गळायला लागला. पत्रा इतका झिजला होता की बोटानं दाबलं तरी आत जायचा. म्हणून तो घेऊन पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत गेले, मोड म्हणून दिला, म्हणजे जुन्या धातूच्या भावानं विकला, आणि नवा करून घेतला. आठ महिने वापरून लिहितेय.

दुकानातल्या काकांनी आधी रिवटं तोडून पितळी कड्या सोडवल्या. तांबं वेगळं तोललं, पितळ वेगळं. तांबं ३ किलो ४०० ग्रॅम भरलं. बुडाला कुणीतरी पूर्वी कथलाचा डाग दिला होता, म्हणजे कथील वितळवून सांधलं होतं, तेवढ्या भागाला त्यांनी कमी भाव लावला. तांबं कितीदाही वितळवा, त्याचा गुण जात नाही, पण त्यात दुसरं काही मिसळलं की किंमत उतरते.

सोबत मी दोन वर्षांपूर्वी घेतलेली तांब्याची बाटलीही नेली होती. वरून रंग, गळ्याशी चिकटवलेलं प्लॅस्टिक. ती त्यांनी परत केली. "ताई, हे सोडवत कोण बसणार?" साठ वर्षं वापरलेल्या हंड्याचे पैसे आले, बाटलीचे नाहीत. हंडा घडवणाऱ्यानं तो एक दिवस मोडायचा आहे हे धरूनच कड्या रिवटांवर बसवल्या असाव्यात, याचं मला फार अप्रूप वाटलं.

आपलंच तांबं नव्या हंड्यात येत नाही, हे काकांनी स्वतःहून सांगितलं. मोड भट्टीकडे जाते, नवा पत्रा कारखान्यातून येतो. काठावर टिंबाटिंबांनी आजीचं नाव आणि १९६२ कोरलेलं होतं. तेवढा तुकडा त्यांनी कात्रीनं कापून माझ्या हातात दिला आणि वजनातून वजा केला.

नव्या हंड्याचं माठारकाम, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांचं काम, सुरेख आहे. ते ठोके नुसते शोभेचे नव्हेत, ठोकल्यानं तांबं कडक होतं आणि सहज पोचे पडत नाहीत. कड्या याही वेळी रिवटांवरच. तक्रारी दोन: आठ दिवस सांगून तीन आठवडे लावले, आणि झाकण जरा सैल आहे. मजुरी कमी नाही, पण दिवसभर हातोडा चालवणाऱ्या माणसाशी मला घासाघीस करवली नाही. आठवड्याला चिंच-मिठानं घासावा लागतो. यात पाणीच ठेवा, आंबट काही नको.

घेताना पावतीवर तांब्याचं आणि पितळेचं वजन वेगवेगळं लिहून मागा. माझी पावती फडताळात आजीच्या नावाच्या तुकड्याजवळ आहे, लेकीला जागा दाखवून ठेवली आहे.