लीगल एडचं कर्ज माफ करायला अर्ज केला, आठ महिन्यांनंतरचा अनुभव (ऑकलंड)

न्यूझीलंडमध्ये ज्यांची फॅमिली कोर्टात केस चालूये किंवा नुकतीच संपलीये त्यांच्यासाठी लिहितेय. पहिली गोष्ट, इथे लीगल एड (म्हणजे वकिलाचा खर्च सरकार भरतं ती मदत) बहुतेकदा फुकट नसतं, ते कर्ज असतं. मी आपली फुकट ते पौष्टिक म्हणत दिसेल तिथे सही करून मोकळी झाले, माझ्या वकिलांनी सांगितलं असेलही पण त्या दिवसांत डोक्यात काही शिरतच नव्हतं, आणि मुलाची पॅरेंटिंग ऑर्डर (मूल कोणाकडे राहणार हा कोर्टाचा आदेश) हातात आल्यावर काही महिन्यांनी पत्र आलं, ९,४०० डॉलर भरा. पेढे वाटून झाले होते हो!

माफीसाठी अर्ज करता येतो हे कम्युनिटी लॉ सेंटरमध्ये, म्हणजे फुकट कायद्याचा सल्ला देतात तिथे, कळलं. पहिला अर्ज मीच बिघडवला. चार पानं नुसतं एक्सबद्दल, कसं त्याने केस लांबवली, किती तारखा पडल्या, आणि बँक स्टेटमेंट एकही जोडलं नाही. कागद जोडा म्हणून परत आला. पैसे भरायला लावले तर माणूस खरंच अडचणीत येईल का, वसुलीचा खर्च वसुलीपेक्षा जास्त होईल का, एकूण न्यायाला धरून काय, हे लीगल एडवाले बघतात. माझी चार पानं म्हणजे नुसता राग होता.

मग मनीटॉक्सच्या, म्हणजे पैशांच्या अडचणीत मदत करणाऱ्या फुकट हेल्पलाइनला फोन केला, त्यांनी एक फायनान्शियल मेंटॉर गाठून दिली. ही बाई दोन संध्याकाळी माझ्यासोबत बसली आणि आठवड्याचा हिशेब मांडला, भाडं, वीज, पेट्रोल, मुलाची शाळा, सगळं. नाशिकला आईच्या औषधांना पैसे पाठवते ते लिहायची मला लाज वाटत होती, म्हटलं हे म्हणतील भारतात पाठवायला आहेत तर इथे भर की, पण ती म्हणाली लिही आणि पावत्या जोड. शेवटी आठवड्याला हातात उरत होते ३१ डॉलर. त्या एका पानाने काम केलं.

प्रोटेक्शन ऑर्डरसाठी (घरातल्या हिंसेपासून संरक्षण देणारा कोर्टाचा आदेश) तुम्ही अर्ज केला असेल तर त्या भागाचं लीगल एड परत करावं लागत नाही. मी बिल फोडून मागितलं, ते आधीच वेगळं धरलेलं होतं, पण बघेपर्यंत झोप नव्हती. मुलासाठी कोर्टाने नेमलेल्या वकिलाचा खर्च मात्र वेगळा विषय, तो या माफीत येत नाही. स्वतःचं घर असेल तर त्यावर बोजा चढू शकतो, मी भाड्याने राहते त्यामुळे तो प्रश्न नाही. आणि व्याज २०२३ पासून बंद झालंय, आधी ८ टक्के होतं, मैत्रीण अजून त्याच्या नावाने बोटं मोडते.

निकाल पाच महिन्यांनी आला. ६,००० माफ, उरलेले ३,४०० आठवड्याला १५ प्रमाणे. म्हणजे चार वर्षं आणि वर थोडे महिने, मुलगा तेव्हा हायस्कूलला असेल. पटलं नाही तर २० कामाच्या दिवसांत लीगल एड ट्रिब्युनलकडे रिव्ह्यू मागता येतो, मी नाही मागितला, जीवच राहिला नव्हता परत फॉर्म भरायला.

पाचपैकी साडेतीन देईन, त्यातले तीन त्या मेंटॉर बाईंचे. आणि घर बदललंत तर पत्ता कळवा, माझी दोन पत्रं जुन्या फ्लॅटवर पडून होती, नवीन भाडेकरूने पिझ्झाच्या जाहिरातींसोबत आणून दिली.