८८०० ला घेतलेली विंडोजची "लाइफटाइम" की सहा महिन्यांत संपली

सांगलीत विश्रामबागला माझा टायपिंगचा क्लास आहे, आठ कंप्युटर आहेत, जीसीसी-टीबीसीच्या म्हणजे सरकारी टायपिंग परीक्षेची मुलं येतात. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद होणार म्हणून त्या महिन्यात सगळीकडं तीच चर्चा होती आणि नेमकं तेव्हाच एकजण क्लासवर आला, कंप्युटर रिपेअरिंग करतो म्हणाला, बोलायला एकदम गोड. "ताई, विंडोजची एकच की आहे, ॲक्टिव्हेट करायचा कोड हो, कंपन्यांना देतात ती, कितीपण मशीनला चालते, लाइफटाइम. बाहेर एका मशीनला दहा-बारा हजार घेतील, मी अकराशेत करतो." आठ मशीनचे ८८०० झाले. बिल मागितलं तर म्हणाला बिल केलं की १८ टक्के जीएसटी वाढतो, कशाला उगीच. मी पण हो म्हटलं, पैसे त्याच्या स्वतःच्या नंबरवर पाठवले.

त्यानं पेनड्राइव्ह लावला, "अँटीव्हायरस जरा बंद करतो, अडवतंय" असं म्हणत काळी विंडो उघडली, दोन-तीन मिनिटांत एकेक मशीन झालं. जाताना व्हिजिटिंग कार्डच्या मागं निळ्या पेननं ती २५ अक्षरांची की लिहून दिली. मी ते कार्ड लॅमिनेट करून ड्रॉवरमध्ये जपून ठेवलं होतं, लायसनच आहे असं समजून.

एप्रिलमध्ये लायसन संपत आलंय असे मेसेज यायला लागले, मग एक मुलगी म्हणाली, "मॅडम, खाली कोपऱ्यात ॲक्टिव्हेट विंडोज आलंय." दोन दिवसांत आठही मशीनवर तेच. त्याला फोन केला तर आधी येतो येतो म्हणाला, नंतर उचलेनाच.

माझा भाचा पुण्यात आयटीत आहे, त्यानं फोनवरून बघायला लावलं. तुम्ही पण बघा, दोन मिनिटांचं काम आहे. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, एसएलएमजीआर टाइप करा, स्पेस देऊन स्लॅश आणि डीएलआय, मग एंटर. छोटी विंडो येते, त्यात लायसन कुठल्या प्रकारचं ते आणि कीची शेवटची पाच अक्षरं दिसतात. लॅपटॉपसोबत आलेलं असेल तर ओईएम, पाकिटातलं सुटं घेतलेलं असेल तर रिटेल. माझ्या आठही मशीनवर व्हॉल्यूम केएमएस क्लायंट, आणि शेवटची पाच अक्षरं सगळीकडं एकच, टी८३जीएक्स. ही की मायक्रोसॉफ्टनं स्वतःच्या साइटवर उघडी ठेवलेली आहे, कुणीपण बघू शकतं! मोठ्या संस्थांचा स्वतःचा ॲक्टिव्हेशन सर्व्हर असतो, त्याला मशीन जोडायला ती लागते, नुसती की म्हणजे लायसन नव्हे. खरं लायसन त्या संस्थेच्या नावावर असतं, ते असं सुटं विकता येत नाही. आणि त्या सर्व्हरशी १८० दिवसांत परत संपर्क झाला नाही तर ॲक्टिव्हेशन संपतं. त्या रिपेअरवाल्यानं आमची मशीन कुठल्यातरी भलत्याच सर्व्हरला जोडली होती, तो बंद पडला आणि बरोबर सहा महिन्यांनी सगळं उघडं पडलं.

सगळ्यात वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. आठातले तीन लॅपटॉप कंपनीचे होते, विंडोज १० होमचं खरं लायसन त्यांच्या मदरबोर्डातच होतं, आणि भाच्यानं बघितलं तर ते ११ ला फुकट अपग्रेड होणारे निघाले. त्या तिघांचे ३३०० मी कशाचे दिले? बाकीची पाच असेंबल केलेली, त्यांच्यात आधीपण लायसन होतं का हे मी कधी विचारलंच नाही, ही माझी चूक.

नियम तसा साधा आहे हो. एक लायसन, एक मशीन. ओईएम त्या मशीनसोबतच संपतं, रिटेल दुसऱ्या मशीनवर नेता येतं पण आधी पहिल्यावरून काढायचं. आणि माहीत असून चोरीचं सॉफ्टवेअर वापरलं तर कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम ६३ ब आहे, कमीत कमी ७ दिवस ते ३ वर्षं कैद, ५० हजार ते २ लाख दंड. मला आधी माहीत नव्हतं, पण माहीत झाल्यावर तसंच चालवायचं म्हणजे काय, मला झोप लागेना.

सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला तक्रार केली, ग्राहकांसाठी १९१५ आहे तिथंपण. पैसे अजून आलेले नाहीत. अँटीव्हायरस बंद करून काय काय टाकलं असेल म्हणून आठही मशीन फॉरमॅट केली, लॅपटॉप तिन्ही होम टाकल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट झाले. दोन मशीनला पक्क्या बिलावर लायसन घेतलं, उरलेल्या तीन मशीनवर विंडोजच्या जागी उबंटू आणि एमएस ऑफिसच्या जागी लिब्रे ऑफिस आहे, दोन्ही फुकट आणि कितीपण मशीनला चालतं.

परवा मिरजेच्या एका क्लासवाल्या बाईंचा फोन आला, त्यांच्याकडं पण एकजण येऊन गेलाय, बारा मशीन. मी फोनवरच ती कमांड टाकायला सांगितली आणि शेवटची पाच अक्षरं वाचा म्हटलं. त्या वाचायला लागल्या, टी, आठ, तीन...